पाटीवरचं आडनाव

ताईचा कारखाना म्हणजे घराच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. खिडकीखाली दगडी कट्टा, कट्ट्यावर मोटार लावलेलं पॉलिशचं चाक, मेणाच्या पट्ट्या, गॅसची बारकी शेगडी आणि भिंतभर फळ्यांवर मांडलेले प्लास्टरचे पांढरे जबडे. ताई कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवायचे आणि ताई त्यातून दात उभे करायची. "गावातले अर्धे म्हातारे माझ्या दातांनी हसतात," असं ती म्हणायची, "आणि उरलेले माझ्या नावानं दातओठ खातात, तोंडाचं बोळकं झालं असलं तरी."

यातला दुसरा भाग निव्वळ थट्टेचा नव्हता. त्याला कारण तिचे वडील.

वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. गाव त्यांना सर म्हणायचं, घरात ते दादा. कुणी काहीही सांगायला आलं की ते चष्मा वर करून विचारायचे, "पुरावा काय?" भुताला पुरावा काय, ग्रहांच्या कोपाला पुरावा काय, आणि एक माणूस जन्मानं वरचा न् दुसरा खालचा, याला पुरावा काय. वरच्या आळीतल्या नळाला खालच्या वस्तीतल्या लोकांनी हात लावायचा नाही, हे त्या गावात कुणी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, तरी शेंबड्या पोरालाही पाठ होतं. सरांनी एकदा दोन्हीकडची मुलं एका बाकावर बसवली आणि नळाच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "यात कुठं जात दिसली तर मला हाक मारा," ते म्हणाले. मुलं खोखो हसली. घरी जाऊन त्यांनी ती गंमत सांगितली, तेव्हा मोठी माणसं हसली नाहीत.

मग सरांनी स्वतःच्या अंगणातला नळ खालच्या वस्तीसाठी मोकळा केला आणि त्यापाठोपाठ आडनाव टाकलं. "आडनाव ऐकलं की लोक पुढचं ऐकतच नाहीत," ते म्हणायचे. "मग सांगायचं कशाला?" दारावर, पगारपत्रकावर, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर, कुठंच ते उरलं नाही.

वरच्या आळीतल्या त्यांच्या स्वतःच्या समाजानं त्यांना वाळीत टाकलं. दुकानदार माल समोर दिसत असताना "संपलाय" म्हणायला लागले. दूधवाला दार चुकवून पुढं जायला लागला. ताईच्या आईनं कधी तक्रार केली नाही. पण ती मुळातच अबोल बाई, त्यामुळे तिच्या मनात काय होतं ते कुणालाच नीट कळलं नाही. त्याच उन्हाळ्यात ती तापानं फणफणली. दादा परगावी व्याख्यानाला गेले होते. ताई तेव्हा परकरातली पोर. ती आळीतल्या डॉक्टरांकडे पळत गेली. डॉक्टर त्यांच्याच समाजाचे. माडीवरचा पंखा फिरताना खालून दिसत होता, पण दारातल्या माणसानं "घरी नाहीत" म्हणून सांगितलं. शेवटी खालच्या वस्तीतल्या बायांनी आईला खाटेवर घातलं, खाट खांद्यावर घेतली आणि भर दुपारी मोठ्या दवाखान्याची वाट धरली. दवाखाना लांब होता. आई वाटेतच गेली.

ताईचा धाकटा भाऊ तेव्हा इतका लहान होता, की त्याला त्या दिवसातलं एवढंच आठवायचं: तो कुणाच्या तरी घरी झोपला होता, आणि उठून आपल्या घरी आला तेव्हा खाट नव्हती.

त्या गोष्टीला आता जन्म उलटला होता. दादाही जाऊन बरीच वर्षं झाली होती. ताईनं लग्न केलं नाही. खरं तर दोनदा ठरता ठरता मोडलं. दोन्ही वेळा पाहुण्यांनी चहा पिता पिता आडनाव विचारलं आणि कप अर्धा ठेवून उठले. धाकट्यानं फरशांचं दुकान काढलं, संसार थाटला आणि पहिला मुलगा शाळेत घालायच्या वेळी रीतसर अर्ज करून आडनाव परत लावून घेतलं. म्हाताऱ्या दादांना त्यानं स्वतः येऊन सांगितलं. दादा म्हणाले, "तुझं नाव, तुझा अधिकार." त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढंच.

आणि मग समाजाच्या मंडळानं मोठा हॉल बांधला. बाहेरून गुळगुळीत दगड, आत झुंबरं, मागं मोटारींना जागा. फरशी धाकट्याच्या दुकानातली, तीही जवळजवळ फुकट. मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला कार्यकारिणीवर घेतलं आणि जाहीर केलं, की हॉलला सरांचं नाव द्यायचं. समाजाचं भूषण म्हणून. धाकटा हे सांगायला धावतच ताईकडं आला.

"ताई, ज्यांनी आपल्याला वाळीत टाकलं, तेच दादांचं नाव लावतायत. यापेक्षा काय पाहिजे?"

"पूर्ण नाव लावतायत?"

"आडनावाशिवाय कसं लावणार? समाजाचा हॉल आहे."

ताई उद्घाटनाला गेली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर येता येता चिमणीनं तो हॉल पाहिला आणि तिनंच बातमी आणली. चिमणी म्हणजे ताईची लहानपणापासूनची मैत्रीण, खालच्या वस्तीतली. अखंड बडबडायची म्हणून सरांनीच तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. आता आजी झाली तरी ते सुटलं नव्हतं. कारखान्यात पॉलिशचं काम तिच्याकडं. तिच्या हातून गेलेली कवळी जिभेला कुठं म्हणजे कुठं बोचायची नाही.

"अक्षरं ही एवढाली आहेत," चिमणी हात पसरून म्हणाली. "सोनेरी. सरांचं नाव बारीक आणि आडनाव ढळढळीत. माझी नात म्हणते, आजी, हा त्यांचा कोणी पुढारी असेल. मी म्हटलं, अगं बये, हे आपले सर. तर म्हणते, आपले असते तर त्यांच्या हॉलवर नाव कशाला असतं?"

ताई हातातल्या मेणात दात बसवत होती. तो तिरका बसला. तिनं तो काढला, पुन्हा बसवला, पुन्हा तिरका बसला.

नातीचं लग्न ठरलं होतं. मुलगी दवाखान्यात परिचारिका, मुलगा तिथंच क्ष-किरण विभागात. कचेरीत जाऊन सह्या करायच्या आणि मग चार माणसांना जेवण, एवढाच बेत. पण जेवणाला जागा हवी. चिमणीच्या घरात चार माणसं उभी राहिली तर पाचव्याला दारात थांबावं लागे. तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं: सरांच्या हॉलमध्ये करायचं. ती एकटीच विचारायला गेली आणि हात हलवत परत आली.

"समाजाबाहेरच्यांना देत नाहीत म्हणे." ती नेहमीसारखी चिडली नव्हती, हळू आवाजात बोलत होती. "नियम आहे म्हणे."

"चल माझ्याबरोबर," ताई म्हणाली आणि हात धुवायला उठली.

हॉलच्या व्यवस्थापकाचं टेबल दारातच होतं. चाळिशीतला, नीटनेटका, बोलायला मऊ माणूस. ताईला पाहून तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली. चिमणीला बस म्हटलं नाही, म्हणून ताईही बसली नाही.

"हॉल मला हवाय," ताई म्हणाली. "माझ्या नावानं लिहा."

"जरूर. तुम्हाला नाही कोण म्हणेल?" त्यानं तारीख विचारली, ती मोकळी होती. मग पेन उचलून म्हणाला, "पूर्ण नाव सांगा."

ताईनं आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं आणि थांबली.

"आडनाव?"

"नाही."

तो हसला. "ताई, मला ठाऊक आहे. बाहेर पाटीवरच आहे की. पण तुमच्या तोंडून आलं पाहिजे. सभासद कुटुंबांनाच हॉल आहे ना, म्हणून. तुम्ही फक्त सांगा, मी लिहितो. जेवायला कोण येतं, कोण नाही, ते बघायला मी काही दारात उभा राहत नाही."

माणूस वाईट नव्हता. उलट आपल्या परीनं तो वाटच काढून देत होता. एक शब्द उच्चारायचा, त्याला ना वजन ना किंमत, आणि काम झालं. ताईनं मागं पाहिलं. चिमणी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत जमिनीकडं बघत उभी होती.

"माझ्या वडिलांचं नाव तुमच्या दारावर आहे," ती शेवटी म्हणाली. "ते आज आले असते तर त्यांनाही दिला नसता तुम्ही हॉल."

व्यवस्थापकानं पेन खाली ठेवलं. "मी नोकर माणूस आहे, ताई."

परतताना चिमणी ताईच्या दोन पावलं पुढं चालत होती. वस्तीच्या वळणाला ती थांबली.

"सांगून टाकायचं होतंस गं."

"चिमणे, अगं…"

"मला कळतं. मला सगळं कळतं. सरांनी माझ्या हातात पाटी दिली, मी विसरले नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पण मला हॉल हवा होता. तत्त्व नको होतं आज, हॉल हवा होता. पोरीनं आयुष्यात एकदा त्या दारातून ताठ मानेनं आत जावं, एवढंच वाटत होतं."

ती वळून निघून गेली. दुसऱ्या दिवशी कामावर आली, चाक चालू केलं, पण त्या दिवशी ती कुणाबद्दल काही बोलली नाही.

धाकट्याचे उरलेसुरले दात त्याच सुमाराला काढले होते. डॉक्टरांच्या खुर्चीची त्याला लहानपणापासून भीती, म्हणून माप द्यायला तो ताईकडंच आला. रविवार होता. तिनं त्याला खिडकीजवळ बसवलं, गळ्याशी टॉवेल खोचला, गुलाबी लगदा कालवून पात्रात भरला आणि त्याच्या वरच्या जबड्यावर दाबून धरला.

"हलू नकोस. घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही," ती म्हणाली, आणि मग आपल्याला केवढी संधी मिळालीय हे तिच्या लक्षात आलं. "मी बोलते. चिमणी तुमच्या हॉलमध्ये नातीचं जेवण करायचं म्हणून विचारायला गेली होती. हाकलली तिला. गोड बोलून हाकलली. तू कार्यकारिणीवर आहेस. तुला माहीत होता हा नियम?"

त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर खिळले. त्यानं मान हलवली नाही, हलवता येतच नव्हती.

"माहीत असणारच. आणि तरी तू दादांचं नाव तिथं लावू दिलंस. त्यांनी जे अंगावरून उतरवून टाकलं, ते मेल्यावर तुम्ही त्यांच्या गळ्यात बांधलंत. ते असते तर तुला काही बोलले नसते. त्यांनी फक्त विचारलं असतं…"

लगदा घट्ट झाला होता. तिनं पात्र सोडवून घेतलं, पाण्याखाली धरलं. धाकट्यानं टॉवेलानं तोंड पुसलं. दातांशिवाय त्याचा चेहरा एकदम म्हातारा, एकदम तापातल्या आईसारखा दिसत होता. बोलताना शब्द घरंगळत होते.

"तुझं झालं बोलून? आता माझं ऐक. दादांची तत्त्वं खरी होती. मी कधी खोटी म्हटली? पण त्यांची किंमत दादांनी नाही मोजली, ताई. आईनं मोजली. तू मोजलीस. मी शाळेत मोजली. माझ्या शेजारी कुणी डबा उघडत नव्हतं, न वरच्या आळीतला, न खालच्या वस्तीतला. वरच्यांना मी बाटलेला आणि खालच्यांना मी वरचा. दादांना सभेत टाळ्या पडायच्या, मी घरी एकटा बसून भिंतीला चेंडू मारायचो." तो थांबून ओठ चाटत राहिला. "त्यांनी मला व्यासपीठावर खुर्ची दिली, ताई. शेजारच्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला कळत होतं की नाव चुकतंय. पण तो हात मला झटकता आला नाही."

ताई माप हातात धरून उभी राहिली. त्याच्या बोलण्यातलं काहीच खोटं नव्हतं.

जाताना दारातून तो म्हणाला, "त्या दिवशी मी चिमणीच्या घरी झोपलो होतो ना?"

"हो. तिनंच तुला सांभाळलं. खाटेचा पुढचा पाय तिच्या आईच्या खांद्यावर होता."

तो चपला घालून निघून गेला.

पुढं काय घडलं ते ताईला तुकड्यातुकड्यानं कळलं. धाकट्यानं स्वतःच्या नावानं, आडनावासकट, हॉल ठरवला. मग चिमणीच्या घरी गेला, उंबऱ्यात उभं राहून तिला म्हणाला, जेवण तिथंच होईल. चिमणी कारखान्यात आली ती उडतच. आठवडाभर तिची चिवचिव थांबली नाही. तिनं नातीला कशी साडी घ्यायची इथपासून दारात कोण कुठं उभं राहील इथपर्यंत सगळं ठरवलं. ताईनं भावाच्या कवळीसाठी आपल्या साठ्यातले सगळ्यात चांगले दात निवडले.

जेवणाच्या दिवशी सकाळी हॉलला कुलूप होतं. आचारी भांडी घेऊन फाटकाबाहेर उभे. व्यवस्थापक म्हणाला, पाण्याच्या मोटारीत बिघाड आहे. तेवढ्यात वरच्या टाकीतून पाणी भरून वाहताना सगळ्यांना दिसलं. धाकट्यानं अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष त्याच्याशी फार प्रेमानं बोलले. तुमची भावना समजते म्हणाले, पण जेवण कुणाकडचं ते जुन्या मंडळींना कळलंय, ती ऐकत नाहीत. तुम्हीही समजून घ्या, आपल्याला समाजात राहायचंय. धाकटा फाटकाशी उभा राहिला. नवे दात नीट बसले नव्हते, तोंडातल्या तोंडात खटखट वाजत होते. त्यानं कुलपाला हात घातला, तसं आतून दोन तरुण पोरं पुढं आली आणि त्यांनी त्याचा हात धरून बाजूला केला. मारलं नाही. फक्त एखादी कुंडी सरकवावी तसं त्याला सरकवलं.

जेवण शाळेच्या जुन्या शेडमध्ये झालं, सर शिकवायचे त्या शाळेच्या. बाकं भिंतीला लावली. पत्रा तापला होता, पंखा एकच. नवरी घामाघूम होऊन हसत होती. तिला दवाखान्यात याहून वाईट दिवस रोज बघायची सवय होती. धाकटा स्वतः वाढायला उभा राहिला. चिमणीनं त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि त्याला पंगतीत आपल्या शेजारी बसवलं. तिनं त्याला एकही शब्द विचारला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं असावं, कारण तो ताटावर वाकून बराच वेळ नुसता हात फिरवत राहिला.

नवरी ताईजवळ येऊन बसली. "आजी म्हणते सरांनी हे सगळं तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"लोकांना पटलं नव्हतं का?"

"पटलं होतं. टाळ्या वाजवायचे."

मुलगी काहीतरी विचारणार होती, पण कुणीतरी तिला हाक मारली आणि ती उठून गेली.

मंडळानं धाकट्याला कार्यकारिणीतून काढलं. पत्र वगैरे काही नाही, बैठकीचं बोलावणं यायचं बंद झालं. वरच्या आळीतली गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानाकडं वळली. रस्त्यात माणसं त्याच्याकडं बघून नेमकी त्याच वेळी मोबाइलमध्ये डोकं घालायची. पाटीवरचं नाव तसंच राहिलं. ताईनं आणि त्यानं मिळून ते उतरवायचा अर्ज दिला, त्याला उत्तर आलं नाही. आडनाव मात्र त्यानं टाकलं नाही. "मुलांच्या सगळ्या कागदांवर तेच आहे," तो म्हणाला. "आणि मी दादा नाही." ताईनं त्याला त्यावरून पुन्हा कधी टोकलं नाही.

तो दर रविवारी कारखान्यात येऊन बसायला लागला. कधी कवळी घासून घ्यायला, कधी उगाच. एका रविवारी दुपारी चिमणी घरी गेल्यावर तो एकदम म्हणाला, "दादांनी हे एवढी वर्षं कसं सोसलं गं? मला तीन महिन्यांत झोप लागेनाशी झाली."

"त्यांनाही लागत नव्हती. तू लहान होतास, तुला कळायचं नाही. आई गेल्यावर ते रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालायचे."

"मला वाटायचं ते वाचत बसायचे."

"दिवा लावून ठेवायचे फक्त."

धाकटा फळीवरच्या जबड्यांकडं बघत बसला. मग त्यानं जे विचारलं, ते जन्मभर विचारायचं राहून गेलं होतं. "आई खाटेवर असताना काही बोलली होती का? दादांना दोष दिला का तिनं?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. आई दादांबद्दल अभिमानानं काही बोलली, असं म्हणता आलं असतं. पण ती दादांची मुलगी होती.

"दोष दिला नाही आणि कौतुकही केलं नाही," ती म्हणाली. "पाणी मागितलं. चिमणीच्या आईनं ओंजळीनं पाजलं. मग मला विचारलं, धाकट्याला ऊन तर लागत नाही ना. मी म्हटलं, नाही, तो झोपलाय. बस. तेवढंच बोलली."

धाकट्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ताई उठली, खिडकी लावून घेतली आणि त्याच्याजवळ येऊन बसली. कवळी काढून ठेवायला तिनं त्याच्यापुढं पाण्याची वाटी सरकवली, कारण रडताना ती टोचते, हे तिला ठाऊक होतं.